सही करण्याआधी

पाम,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय हिमानीताई,

फोन लावला तर तू कापलास आणि वर मेसेज, ‘तात्या आत्ताच झोपलेत, लिहून पाठव.’ तुझे सासरे अंथरुणाला खिळल्यापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे ईमेलच. सख्ख्या मावसबहिणी आपण, पाम ते पालघर अंतर ते काय, आणि पत्रव्यवहार परदेशी असल्यासारखा.

बातमी अशी, की मी कंपनी सोडली. बोईसरच्या त्या केमिकल लॅबमध्ये लागल्यापासून खोकला जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, औषध मी देईन, पण तुम्ही रोज तोच वास घेत बसलात तर औषध तरी काय करणार? आईला काही पटलेलं नाही. “बाकीच्या पोरींना नाय होत खोकला, तुलाच कसा?” एवढंच तिचं.

आता घरी बसून लिहायचं काम करावं म्हणते. तू करतेस तसं, ऑनलाइन. बी.ए.ला मराठी होतं, लिहायला मला आवडतं हे तुला माहीत आहे. पण सुरुवात कुठून करू? काम कोण देतं? माणसं खरी की खोटी ते कसं ओळखू? आई म्हणते, “बसून लिवायचं ते काय काम हाय? बोंबील वाळत घालायला ये, मंग कळेल काम.” तिला दाखवून द्यायचं आहे मला.

सांग ना.

तुझी सपना


पालघर,
९ फेब्रुवारी

प्रिय सपना,

खोकल्याचं वाचून वाईट वाटलं. सुटलीस म्हणून बरंही वाटलं.

बारा वर्षं मी हे काम करते आहे, तर माहीत आहे तेवढं सांगते. आधी ते ‘घरबसल्या’ डोक्यातून काढून टाक. घरी बसून केलेलं काम कुणालाच काम वाटत नाही. तू लिहीत असशील तेव्हाच तुला दळण आणायला पाठवतील.

लोक म्हणतील, आधी लिहिलेलं काही दाखवा. तुझ्याकडे काहीच नाही, म्हणून आताच दोन-तीन लेख लिहून ठेव. सगळ्या जगाला माहीत असलेलं लिहू नकोस. मासळी वाळत घातलेली असताना आभाळ भरून आलं की हंसामावशी काय करते, ते लिही. ‘यशाचे मंत्र’ लिहिणारे पुष्कळ पडलेत. मग ज्यांना मराठी मजकूर लागतो त्यांना पत्रं पाठव: प्रकाशक, संस्था, शाळांसाठी काही बनवणारे. उत्तर येणार नाही. तरी पाठवत राहा.

कामासाठी वेगळा ईमेल उघड. बोलणं फोनवर झालं तरी मागाहून ‘आपलं असं असं ठरलं’ म्हणून लिहून पाठव. किती लिहायचं, कधी द्यायचं, कितीदा बदलून द्यायचं, मोबदला कधी. हे लिहायला जो टाळाटाळ करतो त्याच्या वाटेला जाऊ नकोस. नमुना म्हणून एखादं पान दे, अख्खा लेख फुकट नाही. आणि काम द्यायचं म्हणून जो तुझ्याकडेच पैसे मागतो, नोंदणीचे, प्रशिक्षणाचे, अनामत म्हणून, तो ठग समज. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ झालं.

माझं ठीक चाललंय. काम आहे. भावेश गुजरातेतल्या नोकरीवरून, दहेजहून, पंधरवड्याने येतो, आला की झोपतो; त्याच्या वडिलांचं मीच बघते. तात्यांना कूस बदलून द्यावी लागते, त्यामुळे माझी झोप तुकड्यातुकड्यांनी होते. बाकी नवीन काही नाही.

हिमानी


पाम,
२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी आईलाही वाचून दाखवलं. दळणाचं ऐकून ती हसली, आणि लगेच मला दळण आणायला पाठवलं!

मासळी वाळवण्यावर लिहिलं. एक लॅबच्या वासावर लिहिलं, तो घरी कपड्यांबरोबर कसा येतो ते. पत्रं पाठवली. तू म्हणालीस तसंच झालं, कुणाचंही उत्तर नाही. एकाने ‘नमुना’ म्हणून तीन लेख मागितले, मी पान एक दिलं, तो गप्पच झाला.

पण आता ऐक, काम मिळालं! जुन्या लेखांचं सोप्या मराठीत पुनर्लेखन करणारी एक कंपनी आहे. व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली होती. मी आधी तुझा प्रश्न विचारला, पैसे भरायचे का? ती बाई म्हणाली, “मॅडम, एक रुपया नाही. आम्हीच तुम्हाला देणार.” करार पाठवला, स्टॅम्पपेपरवर, इंग्रजीत, चांगला जाडजूड. सगळं अगदी रीतसर. सोमवारपासून सुरू.

आता मीही म्हणायची का, काम आहे?

सपना


पालघर,
१ मार्च

सपना,

आनंद झाला. रीतसर आहे म्हणतेस ते बरं, तरी करार मला पाठव. वाचून बघते.

माझ्याकडे आजकाल यंत्राने लिहिलेले लेख येतात. ‘जरा जिवंत करा’ म्हणून सांगतात. आमचे आधी जे दर होते त्यांचं तर बोलायलाच नको. मेलेलं वाक्य उठवून बसवायचं, ते पुन्हा आडवं होतं. तुला नाउमेद करायचं म्हणून नाही सांगत. डोळे मिटताहेत, जास्त लिहवत नाही.

करार पाठव.

हिमानी


पाम,
१७ मार्च

ताई,

करार गोपनीय आहे, बाहेर कुणाला दाखवायचा नाही असं त्यातच लिहिलंय. काम खूप आहे. मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

सपना


पालघर,
२ एप्रिल

सपना,

दोन मेल लिहिले, उत्तर नाही. पाडव्याला तुझा साधा मेसेज नाही. मावशीला फोन केला तर म्हणाली, “ती कामात असते, दार लावून बसते.”

काम लागलं की माणसं अशी होतात हे मी पाहिलं आहे. मीही झाले होते. शिकवणाऱ्याची गरज संपली की त्याचे मेल वाचायला वेळ होत नाही. मी रागावलेली नाही, खरंच. रागवायलाही अंगात जोर लागतो.

सवड झाली की लिही.

हिमानी


पाम,
९ एप्रिल

ताई,

तू काल म्हणालीस, सायबरच्या तक्रारीसाठी सगळं पहिल्यापासून लिहून काढ. आधी तुलाच लिहिते. यातून तक्रार तू बनव. मला अजून कागदासमोर बसवत नाही.

त्यांनी करारासोबत माझं आधार आणि हातात आधार धरलेला फोटो मागितला होता. मी दिला. तुला सांगितलं नाही, कारण तू ओरडली असतीस. करार मी वाचला नव्हता. पहिलं पान वाचलं आणि शेवटच्या पानावर सही केली.

मग पानांचा ढीग आला. आठवडाभरात सगळी लिहून त्यांच्या वेबसाइटवर चढवायची. मी जेवण सोडून लिहिली. शेवटच्या दिवशी वेबसाइट उघडेचना. त्या बाईला फोन केला तर उचलत नाही. दुसऱ्या दिवशी मेल, तुमच्या लेखनात ठरल्यापेक्षा जास्त चुका आहेत, काम वेळेत नाही, करार मोडलात, दंड भरा. मी म्हटलं, चुका दाखवा. तर वकिलाचाच फोन आला. “मॅडम, आप पढ़ी-लिखी हो. साइन आपने किया है. आज सेटल कर लो, नहीं तो बोईसर से पुलिस की गाड़ी निकलेगी.”

रोज फोन, ताई. कधी वकील, कधी ‘कोर्टातून बोलतोय’. एकदा माझाच फोटो मला पाठवला, त्याच्यावर लाल अक्षरात ‘फसवणूक’ लिहून, आणि खाली, हा आधी गावच्या ग्रुपवर जाईल, मग पोलीस. अंगणात कुणाची मोटरसायकल थांबली तरी मी मोरीत जाऊन उभी राहायचे. आई विचारायची, “लिवून झालं?” मी म्हणायची, चाललंय. तुझे मेल मी वाचत होते. प्रत्येक. तुझा तो राग नाही म्हणणारा मेलही. उत्तर काय देणार? पहिल्याच पत्रात तू सगळं समजावलं होतंस आणि मी हे करून बसले होते.

मग ती नोटीस आली, न्यायालयाचा शिक्का असलेली. कानातलं मोडून दंड भरावा आणि प्रकरण संपवावं, असं ठरवून मी काल घरातून निघाले. पण पालघरला उतरल्यावर सोनाराच्या गल्लीत पाय वळेना. वाटलं, एकदा कुणाला तरी विचारावं, माझ्या नावावर खटला खरंच लागलाय का. म्हणून कोळगावला गेले, जिल्ह्याच्या सरकारी कचेऱ्यांच्या त्या मोठ्या इमारतींकडे. तिथे कुठल्या दारातून आत जायचं तेही कळेना. पहारेकऱ्याला कागद दाखवला. तो म्हणाला, “मला काय दाखवतेस? त्या झेरॉक्सच्या बाहेर ताई बसतात अर्ज लिहिणाऱ्या, त्यांना विचार.”

टेबलाशी एक म्हातारी बसली होती, डोंगरातली कुणीतरी, आणि तू तिचं रेशनकार्डाचं लिहीत होतीस. डोक्याला ओढणी बांधून. मला आधी वाटलं, तुझ्यासारखी दिसणारी बाई आहे. मी मागे फिरले. मला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि तुलाही दाखवायचं नसेल असं वाटलं. तेवढ्यात तू हाक मारलीस.

तू म्हातारीचा अर्ज पुरा केलास, मगच माझा कागद घेतलास. तेवढा वेळ मी तुझ्या शेजारी स्टुलावर बसले होते, आणि खरं सांगू? कितीतरी दिवसांत पहिल्यांदा श्वास नीट आला. नोटीस वाचून तू एवढंच म्हणालीस, “चल, कोर्टातच जाऊन विचारू.” मी म्हटलं, तिथे पकडलं तर? तू म्हणालीस, “तर मी आहे ना.” खिडकीवरच्या माणसाने नोटिशीवरचा खटल्याचा नंबर दोनदा बघितला आणि कागद परत सरकवला. असा खटलाच नाही. मला वाटलं होतं, ऐकून मी रडेन. मी हसायला लागले, आणि तो माणूस घाबरला.

एक विचारू? फेब्रुवारीत ‘काम आहे’ म्हणून लिहिलंस, तेव्हाही तू तिथेच बसत होतीस का?

सपना


पालघर,
१३ एप्रिल

प्रिय सपना,

हो. जानेवारीपासून.

ज्यांचं काम मी सहा वर्षं केलं त्यांनी नोव्हेंबरात दोन ओळींचा मेल पाठवला. आता मजकूर यंत्राकडून करून घेणार, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. एवढंच. मी ते भावेशला महिनाभर सांगितलं नाही. रोज लॅपटॉप उघडून बसायची, आणि जुने लेख वाचत राहायची. मार्चमध्ये तुला लिहिलं ते मेलेल्या वाक्यांचं काम खरं होतं, पण ते शेवटचं. त्यांनी नंतर तेही दिलं नाही.

दर्पणचं झेरॉक्सचं दुकान आमच्या ओळखीचं. तो म्हणाला, वहिनी, लोक अर्ज लिहून मागतात, माझं अक्षर कुणाला कळत नाही. सकाळी तात्यांचं आटपून, शेजारच्या काकूंना बसवून मी जाते. वाईट काम नाही. माणूस समोर बसतो, सांगतो, लिहून घेतो, आणि जाताना निदान ‘बरं झालं’ म्हणतो. पण तू ‘तू करतेस तसं, ऑनलाइन’ असं मोठ्या विश्वासाने लिहिलं होतंस. मला ते मोडवेना.

तुला पत्र लिहिलं तेव्हा मला वाटलं, मी सगळं सांगितलं. सांगितलं कुठे? पैसे मागतो तो ठग, एवढं सांगितलं. काम देऊन अडकवणारा असतो, कागदाची भीती घालणारा असतो, हे राहिलं. आधारची प्रत कुणाला द्यायची नाही हे तर पहिल्या ओळीत हवं होतं. मी जे सांगितलं ते माझ्या वेळचं होतं. आता ठगही शिकलेत.

तक्रार तयार केली आहे, सोबत पाठवते. वाच. पूर्ण वाच, मग सही कर. त्यांचे मेसेज, नोटीस, नंबर, काहीही पुसू नकोस. आधारचं लॉक मी सांगितलं तसं त्याच दिवशी केलंस ना? फोन आला तर उचलू नकोस. आणि मावशीला सांग. त्याच्या धमकीत एवढाच दम आहे, की घरी कळेल. तू आधीच सांगितलंस तर त्याच्याकडे काय उरलं?

मी मात्र ऑनलाइन लिहिणं सोडलं. हे दुःखाने लिहीत नाही, नुसतं कळवते.

हिमानी


पाम,
११ मे

प्रिय ताई,

तक्रार दिली. साहेब नीट बोलले. म्हणाले, अशा पुष्कळ येतात, नंबर बंद करून नवे घेतात, बघू. पोचपावती जपून ठेवली आहे. फार आशा धरलेली नाही.

आईला सांगितलं. ती मासळी पालटत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं आणि ओरडा खायला तयार राहिले. ती हातातलं खाली ठेवून म्हणाली, “येवढे दिस येकटीच घाबरत बसलीस?” रात्री माझ्या ताटात दोन तुकड्या जास्त वाढल्या.

मग परवा वकिलाचा नव्या नंबरवरून फोन. मी कापणार तोच आईने ओढून घेतला. “कोन बोलतंय? वकील? मंग कागद पोस्टानं पाठव, आमी घेऊ. नाय, पोरगी नाय बोलनार, माझ्याशी बोल. गावात फोटो लावतोस? लाव. गावाला मी कालच सांगितलं.” गावाला तिने काहीएक सांगितलं नव्हतं! तो काहीतरी बोलत राहिला. आई म्हणाली, “हिंदी मला समजत नाय,” आणि फोन ठेवला. समजते तिला चांगली, बोईसरच्या बाजारात अर्धं गिऱ्हाईक हिंदीच बोलतं. पण ताई, फोन परत दिल्यावर तिने उठून दाराला आतून कडी घातली. मला वाटत होतं, घरात घाबरट मी एकटीच.

त्यानंतर फोन आलेला नाही.

आणि दुसरं. फेब्रुवारीत पाठवलेल्या पत्रांतल्या एकाचं उत्तर आलं. नाशिकला काही जण मुलांसाठी ऐकायचे मराठी धडे बनवतात. शकूताई म्हणून बाई आहेत, त्यांनी मासळीचा लेख वाचला. किनाऱ्यावरच्या गावावर धडे लिहाल का म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं नाही. त्यांचे आधीचे धडे मागितले, त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या दोघांचे नंबर मागितले, त्यांच्याशी बोलले. हे सगळं करताना वाटत होतं, आता या चिडतील. त्या म्हणाल्या, “बरं केलंत विचारलंत.” करार दीड पानाचा, मराठीत. मी तो दोनदा वाचला, एक वाक्य कळलं नाही ते विचारलं, त्यांनी बदललं. आधार नाही मागितलं. पहिल्या धड्याचा मोबदलाही वेळेवर आला. काम थोडं आहे. यावर घर चालणार नाही, म्हणून सकाळी आईबरोबर बाजारात जाते. खोकला कमी आहे.

त्यांना मजकूर तपासणारं माणूसही हवं आहे. मी तुझं नाव सुचवू?

सपना


पालघर,
२५ मे

प्रिय सपना,

मावशीचा तो फोन मी तात्यांना वाचून दाखवला. पुष्कळ दिवसांनी हसले.

माझं नाव सुचवू नकोस. इतक्यात तरी नको. कुणाच्या उत्तराची वाट बघत बसायची ताकद नाही माझ्यात सध्या. तू पाठवलेला धडा मात्र तपासून पाठवते. ‘अथांग सागर’ काढून टाक, आपल्या घरात असं कुणी म्हणत नाही. जाळ्याचा भाग चांगला आहे. शेवट घाईत उरकला आहेस, परत लिही. तपासताना तास कसा गेला कळलं नाही, हे कबूल करते.

एक काम आहे. काल टेबलाशी एक मुलगी आली, दीपा नावाची, बोईसरला राहते, नर्सिंग शिकते. फोनमध्ये तीच नोटीस. वकिलाचं नाव वेगळं, बाकी शब्द न् शब्द तोच. मी जे सांगायचं ते सांगितलं. ती मान हलवत होती, पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. तिला तुझा ईमेल दिला आहे आणि तिचा तुला देते. मी सांगितलं तर तो सल्ला होतो. तू लिही.

हिमानी


पाम,
२६ मे

दीपा,

आपली ओळख नाही. हिमानीताईंनी तुझा ईमेल दिला. तुला आली तीच नोटीस मला आली होती, तोच शिक्का, तोच आकडा. मी कोर्टात जाऊन विचारलं, तसा खटला नाही. तुझाही नसणार, पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस. आपण दोघी जाऊन विचारू. मला खिडकी माहीत आहे.

तू मूर्ख नाहीस. मला हे कुणी सांगायला हवं होतं, म्हणून आधी तेच लिहिते. काम हवं होतं, काम देतो म्हणाले, तू मन लावून केलंस. यात तुझं काय चुकलं असेल तर एवढंच, की सही आधी केलीस आणि वाचायचं राहिलं. त्याला तुरुंग नसतो.

त्यांना काही पाठवू नकोस. पैसे नाही, माफीही नाही, आणखी एखादा फोटो तर नाहीच. मेसेज पुसू नकोस, तक्रारीला लागतील. आधारचं काय करायचं ते भेटल्यावर करून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. आता नीट ऐकता येणार नाही, मला माहीत आहे. मलाही येत नव्हतं.

घरी सांगितलं नसशील. सांग. जमत नसेल तर मी शेजारी बसते, मग सांग. माझी आईही येते म्हणतेय. ती जरा मोठ्याने बोलते, घाबरू नकोस.

उद्या सकाळी मासळी विकून झाली की आम्ही बोईसरला तुझ्याकडे येतो. पत्ता कळव. हातांना वास येईल, चालवून घे.

पत्ता पाठवलास की फोन बंद कर, आणि जेव.

सपना